खासदार मॅडम, आम्ही तुमचे मतदार नाही, तरीपण थँक्यू

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव मी मुद्दामच लिहीत नाहीये, कारण नाव टाकलं की खाली लगेच पक्षांची भांडणं सुरू होतात आणि मग पेन्शनचं कोणी वाचतच नाही. तुम्हाला कळेल, तुमच्या ऑफिसातल्या त्या पोरीला कळेल, बस झालं.

मी इंदूरची, लोकमान्य नगरची. तुम्ही महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या. म्हणजे राज्यसभेला मत द्यायचं ते आमदारांनी, आणि आमचे आमदार बसतात भोपाळला, तुमचे मुंबईला, त्यामुळे आमच्या घरातून तुम्हाला एक मत मिळायचं नाही, ना आज ना पुढे कधी. हे सगळं माहीत असूनही तुमच्या ऑफिसनं माझ्या मेलला उत्तर दिलं, वर फोन करून अर्धा तास डोकं खाल्लं (चांगल्या अर्थानं), म्हणून हे आभार घरात बसून न मानता सगळ्यांसमोर मानतेय.

झालं असं होतं की माझे बाबा सांवेर रोडच्या एका कारखान्यात फिटर होते, 2011 ला 58 पूर्ण झाली आणि ईपीएस-95 चं, म्हणजे पीएफवाल्या कर्मचाऱ्यांच्या 1995 च्या स्कीमचं पेन्शन सुरू झालं. ज्यांना हे पेन्शन माहीत नाही त्यांनी उगाच सरकारी पेन्शनसारखं काही डोळ्यासमोर आणू नका. हिशोब सरळ आहे, पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. आता तेव्हा पगाराची लिमिटच 6,500 होती, आणि स्कीम सुरू झाली नोव्हेंबर 1995 ला, म्हणजे स्कीममधली वर्षं धरली 15, तर 6,500 गुणिले 15 भागिले 70, आले 1,393 रुपये, आधीच्या नोकरीचे थोडे वर. यात माणूस जगतो असं ज्यानं ठरवलं त्याला एकदा आमच्या गल्लीतल्या मेडिकलवर उभं करायला पाहिजे. पण पैसे थोडे असले तरी बाबांना ते त्यांचे वाटतात, पासबुकात एंट्री झाली की चष्मा लावून दोनदा बघतात, आणि ती एंट्री एका डिसेंबरात आलीच नाही.

काउंटरवर (कुठल्या ते लिहीत नाही) सांगितलं, काका तुमचं जीवन प्रमाण (म्हणजे जिवंत असल्याचं सर्टिफिकेट) नोव्हेंबरमध्ये जमा नाही झालं. बाबांनी ते मार्चमध्येच दिलं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी, मोबाइलवर चेहरा दाखवून, कारण त्यांच्या बोटांचे ठसे मशीन घेतच नाही. आयुष्यभर फाइल, पाना, ग्रीस यात गेलेली बोटं, उजव्या अंगठ्यावर तर रेघच उरलेली नाही, गुळगुळीत आहे अगदी. मी म्हटलं अहो मार्चला दिलंय, ही पावती. तो मुलगा म्हणाला मॅडम, सगळ्यांचं नोव्हेंबरमध्येच होतं, नियम आहे. आणि त्याचीही पूर्ण चूक नाही म्हणा, सरकारी पेन्शनरांचं नोव्हेंबरमध्येच असतं, त्याच्यासमोर दिवसभर तेच लोक येतात. पण बाबांना तिथे उभं राहून आपण जिवंत आहोत हे पटवून द्यावं लागत होतं, आणि मागे लाइनमध्ये कोणीतरी हसलं. मला ते हसणं लागलं.

मग मी मेल करत सुटले. इकडच्या खासदारांनापण केले, तिकडच्यांनापण केले. तुम्हाला का, तर तुम्ही आधी कधीतरी पेन्शनवर लेखी प्रश्न विचारला होता तो बाबांच्या पेन्शनर ग्रुपवर फिरत होता. तुमच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी पहिली पाच मिनिटं नुसती रडगाणं गात होते. ती पोरगी शांतपणे म्हणाली, ताई हे सगळं बरोबर आहे, पण यात मंत्र्यांना विचारायचं काय आहे ते सांगा. एका माणसाची तक्रार प्रश्नात नाही चालत, सगळ्यांना लागू होईल असं काय आहे? आणि मग तिनं माझ्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. सर्टिफिकेट वर्षभरात कधीही देता येतं का, ते किती काळ चालतं, ज्यांचे ठसे लागत नाहीत त्यांच्यासाठी काय सोय, किमान पेन्शन वाढवणार का. चार ओळी झाल्या. माझ्या दोन पानी मेलच्या चार ओळी!

तिनंच सांगितलं की प्रश्न दीडशे शब्दांच्या वर जाता कामा नये, आणि त्यात वाद नको, अंदाज नको, टोमणा नको, असा नियमच आहे. टोमणा नको! आम्हा इंदूरच्या लोकांना टोमण्याशिवाय चहासुद्धा मागता येत नाही. मला आधी वाटलं असा मिळमिळीत प्रश्न विचारून काय होणार, पण आता कळतं की टोमणा मारला की समोरच्याला टोमण्याला उत्तर देऊन सुटता येतं, सरळ विचारलं की सरळ सांगावं लागतं, निदान कागदावर तरी.

प्रश्न लागला अतारांकित मध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तारांकित म्हणजे मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात आणि वर पुरवणी प्रश्न विचारता येतात, टीव्हीवर दिसतं ते. राज्यसभेत असे दिवसाला 15 लागतात, त्यातलेपण वेळेत थोडेच होतात. अतारांकित दिवसाला 160 लागतात, लोकसभेत 230, त्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवतात, कोणी बघत नाही, टाळ्या नाहीत, रील बनत नाही. मला तर तुमचं हेच फार आवडलं की तुम्ही हे न दिसणारं काम इतकं करता. 2020 च्या पावसाळी अधिवेशनात कोरोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, तेव्हाही लेखी उत्तरं चालूच होती. आमच्या ताई (सुमित्राताई हो, इंदूरमध्ये ताई म्हटलं की दुसरं कोणी नाही) 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या, तेव्हा आम्ही रोज टीव्ही लावून बसायचो, पण या लेखी उत्तरांकडे आमचं कधी लक्षच गेलं नाही.

उत्तर आलं. मी हिंदी पीडीएफ काढली, 'क्या श्रम और रोजगार मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि' वाली. त्यात स्वच्छ होतं की ईपीएस-95 च्या पेन्शनरला जीवन प्रमाण वर्षात कधीही देता येतं, आणि दिल्या तारखेपासून ते एक वर्ष चालतं. चेहऱ्यावरून होतं हेपण होतं. नियम नवा नव्हता मॅडम, आधीपासून तोच होता, सर्क्युलरपण निघालेलं होतं. फक्त सर्क्युलर दाखवलं की काउंटरवर म्हणतात आमच्याकडे नाही आलं, आणि मंत्र्यांचं संसदेतलं उत्तर दाखवलं की मॅनेजर खुर्ची देतात. मी तीन प्रिंटआउट नेल्या होत्या, एक त्यांना दिली, वर त्यांच्याकडून शिक्का मारून पोच घेतली (हे बाबांनी शिकवलेलं, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही). थकलेल्या महिन्यांसकट पैसे जमा झाले. आता ग्रुपवरचे बाकीचे काका लोक ती पीडीएफ खिशात घेऊन फिरतात, एकानं तर लॅमिनेशन करून घेतलंय.

आता दुसरी बाजूपण लिहिते नाहीतर सगळं गोडगोड होईल. किमान पेन्शनच्या प्रश्नाला उत्तर तेच आलं जे नेहमी येतं. 1 सप्टेंबर 2014 पासून किमान 1,000 रुपये आहे, मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के आणि सरकारकडून 1.16 टक्के यावर फंड चालतो, फंडात तूट आहे, इत्यादी. पेन्शनरांची मागणी 7,500 ची आहे. 2013 मध्ये राज्यसभेच्याच याचिका समितीनं, कोश्यारी अध्यक्ष होते, 3,000 करा म्हणून शिफारस केली होती, तेपण नाही झालं. तर तुमच्या प्रश्नानं बाबांचे अडकलेले पैसे सुटले, वाढला एक रुपयापण नाही. पण फंडाचं कारण काय देतात हे आम्हाला आता माहीत आहे, आधी आम्ही नुसतं सरकार चोर आहे म्हणून मोकळे व्हायचो.

शेजारचे काका म्हणाले, अरे हे खासदार प्रश्न विचारायचेपण पैसे घेतात. खरंय, घेतले होते, 2005 मध्ये कॅमेऱ्यावर पकडले गेले आणि 11 जणांची खासदारकी गेली. मी म्हटलं काका, आम्ही तर त्यांना चहापण नाही पाजला. त्यावर ते म्हणे मग त्यांचा काय फायदा? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि अजूनही नाही, तुम्हीच कधी सांगा.

त्या नादात मी तुमचे बाकीचे प्रश्न वाचायला लागले. रात्री स्वयंपाकघर आवरलं की एखादा वाचते, सवयच झालीये. एकाच अधिवेशनात तुरीच्या डाळीची आयात, रेशनची ई-केवायसी, भटकी कुत्री, मराठीचा अभिजात दर्जा, रेल्वे, एका माणसाच्या डोक्यात एवढं मावतं कसं असं वाटलं. अभिजातचं तर बघा, महाराष्ट्राचा प्रस्ताव 2013 चा, मग वर्षानुवर्षं कोणी ना कोणी खासदार विचारतोय आणि उत्तर येतंय विचाराधीन आहे, विचाराधीन आहे, आणि मग 3 ऑक्टोबर 2024 ला झालं. प्रश्नांमुळे झालं असं मी म्हणत नाही, निवडणूकपण जवळ होती, आम्हीपण पेपर वाचतो. पण विसरू नाही दिलं हे तरी आहे.

हळूहळू मला ही उत्तरं वाचतापण यायला लागली. 'जी, नहीं' नंतर 'प्रश्न नहीं उठता' आलं की समजायचं विषय संपला. 'जानकारी एकत्र की जा रही है' आलं की सोडायचं नाही, कारण ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, त्यावर लक्ष ठेवायला संसदेची वेगळी समितीच आहे. आणि सगळ्यात हुशार उत्तर असतं रेल्वेचं. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च 2020 ला बंद झाली, पुरुषांना 40 टक्के होती, बायकांना 50. तिच्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, रेल्वेनं 2022-23 मध्ये तिकिटांवर 56,993 कोटींची सबसिडी दिली, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सवलत आहेच. वाचताना वाटतं वा, किती देतात! दुसऱ्यांदा वाचलं की कळतं, विचारलं होतं म्हाताऱ्यांचं, सांगितलं सगळ्यांचं, आणि सुरू करणार की नाही ते त्या वाक्यात कुठेच नाही. बाबा म्हणतात हे उत्तर लिहिणाऱ्याला कारखान्यात युनियनशी बोलायला ठेवला असता तर मालक खूश झाला असता.

इंदूर-मनमाड लाइनवरचे प्रश्नपण आमच्याकडे सगळे वाचतात, कारण अर्ध्या इंदूरचं माहेर नाहीतर सासर नाशिक-धुळ्याकडे आणि आजही जायचं म्हणजे रात्रीची स्लीपर बस, सेंधव्याचा घाट, शिरपूर, धुळे, कंबर मोडून. रेल्वेनं जायचं तर आधी रतलामकडे उलटं. 2 सप्टेंबर 2024 ला कॅबिनेटनं मंजूर केली, 309 किलोमीटर, 18,036 कोटी, 30 नवीन स्टेशनं. पेढे वाटले होते गल्लीत. पण मंजूर होणं आणि रूळ पडणं यात काय अंतर असतं ते आम्ही इंदूर-दाहोद लाइनवर बघितलंय, 2008 ला भूमिपूजन झालं होतं तिचं.

तर मॅडम, मनापासून आभार. त्या पोरीलापण सांगा, तिला माझं नाव आठवणार नाही पण गुळगुळीत अंगठेवाले काका म्हटलं की आठवेल, तिनंच फोनवर दोनदा विचारलं होतं की खरंच एकपण रेघ नाही का. दिवाळीला शेव पाठवायचं बाबांनी ठरवलंय, घेणार नसाल तर आधीच कळवा, ते मनाला लावून घेतात.

आणि पुढच्या अधिवेशनासाठी दोन विषय पाठवतेय, जमलं तर बघा. एक, मनमाड लाइनची जमीन आजपर्यंत किती ताब्यात आली, जिल्हावार. दुसरं, ज्येष्ठांची सवलत परत सुरू करायचा प्रस्ताव आहे का, हो किंवा नाही, आणि हे वेगळ्या भागात विचारा म्हणजे सबसिडीच्या आकड्यात मिसळता येणार नाही. नोटीस किमान 15 दिवस आधी लागते हे माहीत आहे, म्हणून अधिवेशनाच्या तारखा लागल्या की लगेच मेल करते. टोमणे काढून टाकलेत, शब्द मोजलेत, दीडशेच्या आत आहेत.

तुमची,
लोकमान्य नगर, इंदूरची एका पेन्शनरची मुलगी