बंड्या, गांडुळं गेली

पुणे, १२ जून

प्रिय बंड्या,

मार्चपासून तुला पत्र नाही, तुझे दोन फोनही मी घेतले नाहीत. रागावलो नव्हतो रे. तू दिलेली गांडुळं मेली, हे तुला कोणत्या तोंडाने सांगायचं तेच कळेना. घरात ही सोडून सगळ्यांना सांगितलंय की उन्हाने मेली. खरं काय ते फक्त तुला लिहितो.

प्रकृत्या ठीक. माझी साखर आटोक्यात आहे, हिची टाच दुखते.

मे महिन्यात आम्ही दोघं हिच्या भाचीच्या लग्नाला नऊ दिवस नागपूरला गेलो. आप्पा म्हणाले, "मी आलो तर गांडुळांकडे कोण बघणार?" मलाही बरंच वाटलं. आई गेल्यापासून सकाळी उठायला त्यांना तेवढंच निमित्त होतं. त्यांचा काटेकोरपणा तू पाहिलायस. गांडूळखताचा क्रेट ज्यावर आहे त्या स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंगी चढत नाही. क्रेटवर ओलं गोणपाट. मूठभर खत दाबून बघायचं, एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर. गांडूळ दिवसाला स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं खातं, आपली ६०० ग्रॅम आहेत, म्हणून रोज ३०० ग्रॅम काट्यावर तोलून. लिंबाची साल नाही, तेलामिठाचं नाही. आणि सगळं वहीत.

परत आलो तर दारातच आंबूस वास. गोणपाट उचललं. क्रेटच्या कडेला गांडुळांचे गुंते, चढून बाहेर पडायला धडपडणारे. फरशीवर सुकून काळी पडलेली. आत हात घातला आणि मागे घेतला, इतकं तापलेलं. आंब्याच्या साली, बाठे, त्यावर परत साली. सोसायटीतल्या बायका आप्पांना पिशव्या भरभरून आणून देतात ना. एवढं ओलं, गोड एकदम पडलं की ते कुजताना तापतं, आंबतं, आत हवा राहत नाही. पंचवीस अंशांपर्यंत सुखात असणारा जीव तो, पस्तीस अंशांपुढे टिकत नाही. त्यात पुण्याचा मे.

आप्पा शेजारी उभे होते. "ऊन फार झालं रे यंदा," म्हणाले. मी हो म्हणालो.

रात्री वही उघडली. १४ मे, आंब्याच्या साली, ३०० ग्रॅम. त्याच्या खाली परत १४ मे, ३०० ग्रॅम. त्याच्या खाली परत तेच. १५ तारखेला चार वेळा. अक्षर तेच सुबक, दर वेळी तोललेलं. हलगर्जीपणा असता तर मी भांडलो असतो रे.

तुझ्या काकांचं सगळं तू जवळून पाहिलंस. सुरुवात अशीच होती का? त्यांनी एका सकाळी तीनदा दूध आणलं आणि आपण पोट धरून हसलो होतो. ते हसणं आता माझ्या डोक्यातून जात नाही.

तू गांडुळं घेऊन आलास तो दिवसही रोज आठवतो. एसटीत मांडीवर मिठाईचा डबा, आणि कंडक्टर म्हणतो, पेढे एकट्यानेच का? तू झाकण उघडून दाखवलंस! आप्पा अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात. त्याआधी शेवग्याखालची पावसाळी गांडुळं क्रेटमध्ये जगतील म्हणून तू माझ्याशी भांडला होतास, ते मी विसरलेलो नाही. ती जमिनीत खोल बिळं करणारी, पंधरा दिवसांत संपली. वरवरच्या कुजक्यावर जगणारी लालच लागतात. ते भांडण मीच जिंकलो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी चष्मा लावून गाळातून कोष वेचले, गांडुळांची अंडी असतात ते. लिंबाच्या आकाराचे, मोहरीपेक्षा जरासे मोठे. ८७ मोजले, मी परत मोजले तर ८७च. वेचता वेचता मला डार्विन सांगत होते. १८८१ चं त्याचं पुस्तक, पियानो वाजवला तरी गांडुळं ढिम्म, पण कुंडी पियानोवर ठेवली की सूर वाजताच बिळात पळाली. सगळं मुखोद्गत. आणि सकाळी चहा घेतला की नाही ते आठवत नव्हतं. याचा अर्थ मला लागत नाही, बंड्या. काटा आणि वही त्यांच्याकडून काढून घेऊ? ही म्हणते, घे. माझा हात होत नाही. २० तारखेला डॉक्टरांकडे नेतोय, रक्तदाब तपासायला असं सांगून.

चिमीचा निकाल कळला, फार आनंद झाला. इंजिनीअरिंगला जाणार की बी.एस्सी.? तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार.

परवा कोषांतून पहिली पिल्लं निघाली. पांढुरकी, दोऱ्याच्या तुकड्याएवढी. मोठी व्हायला दोन महिने तरी लागतील, तोवर क्रेट रिकामा दिसू नये. पाव किलो घेऊन येशील? शक्यतो २० च्या आधी. आणि मी हे लिहिलंय ते आप्पांना कळू देऊ नकोस.

आज दुपारपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, "आज घातलं का रे?" तिन्ही वेळा मी म्हणालो, "हो आप्पा, तुम्हीच घातलंत."

तुझाच,
दिल्या