चार थर विटांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपण नकाशा केलेल्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत होऊन आज तीन आठवडे झाले. त्या दिवशी पंगतींच्या गडबडीत आपल्याशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत. आपण निघालात तेव्हा शेंगा चटणीचा डबा हाती दिला आणि जे बोलायचे होते ते राहूनच गेले. म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता यावे असे मुद्दाम लिहिते आहे, कारण जुळे सोलापुरात काय किंवा होटगी रस्त्याकडे काय, कितीतरी कुटुंबे आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधत आहेत आणि मुलांच्या जागेच्या बाबतीत आमची जी फसगत होता होता राहिली ती त्यांची होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे येण्याआधी आम्ही दोन ठिकाणी नकाशे करून घेतले होते. पहिल्या गृहस्थांनी मुलांची खोली वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या कोपऱ्यात टाकली आणि मोटारीच्या आकाराचा पलंग, छताला चांदण्या, भिंतीवर कार्टून असे रंगीत चित्र संगणकावर दाखवले. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत कसे धगधगत राहतात, हे सोलापूरच्या माणसाला सांगावे लागू नये. तरीही मुले तिथे झोपणार कशी, या माझ्या प्रश्नाला "एसी बसवा" एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी माझ्या आठ वर्षांच्या मुलीने स्वतःहून विचारले, "माझी पुस्तकं कुठं ठेवायची?" त्यांनी तिच्याकडे न पाहता माझ्या यजमानांना सांगितले, "लहान पोरांना काय कळतंय साहेब, मोठी झाली की बघू." घरी येईपर्यंत ती गाडीवर एक अक्षर बोलली नाही. नकाशाचे पैसे वाया गेले त्याचे आता काही वाटत नाही, ते वाक्य मात्र मी अजून विसरू शकलेले नाही.

आपण कागदावर रेघ ओढण्याआधी आमच्या भाड्याच्या घरी येऊन दोन तास नुसत्या बसलात. मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दप्तर उघडून बसली होती, धाकटा ओट्याखालचे डबे काढून वाजवत होता, आणि "ही दोघं रोज इथंच असतात का?" असे विचारून आपण वहीत काहीतरी टिपून घेतलेत. त्या एका नोंदीतून आमच्या घराचा नकाशा बदलला. ओट्यासमोर आठ बाय पाचची अभ्यासाची जागा आली, मध्ये फक्त अर्धी भिंत. आज भाकरी थापता थापता मला मुलीची वही दिसते आणि तिला मी दिसते. पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि सामानाची खोली गेली, म्हणजे उन्हाचा मारा त्यांनी सोसावा. मुलांची झोपायची खोली पूर्वेला आली, त्यामुळे ईशान्येवरून चाललेला सासूबाईंचा घोरही मिटला. ती खोली बारा बाय सोळाची एकच असली तरी तिला खिडक्या दोन आहेत, पंख्यांचे पॉइंट दोन आहेत, आणि दुसऱ्या दाराचे लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, आताच टाकून खालची जागा विटांनी बुजवलेली आहे. मुले मोठी झाली, त्यांना आपापली खोली हवीशी वाटली, की मध्ये भिंत घालायची आणि त्या विटा काढून दार बसवायचे. सात-आठ वर्षांनंतरचा आमचा खर्च आपण आज वाचवलात.

जिन्याच्या पायऱ्या सहा इंच उंचीच्या, रेलिंगला आडव्या पट्ट्या नाहीत कारण मुले त्यांची शिडी करतात, आणि उभ्या बारांमधली फट चार इंचांहून कमी. रंगाच्या डब्यावर शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असल्याचे छापलेले पाहूनच रंग घ्या, असेही आपण बजावलेत. एका गोष्टीबद्दल मात्र वेगळे लिहायलाच हवे. आपल्या शहरात काही दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद असतो, आणि बहुतेक घरांत त्याचे झाकण पोर्चमध्ये, नेमके मुलांच्या खेळण्याच्या जागी असते. आपण ते बाजूच्या बोळात नेलेत, लोखंडी झाकणाला कुलूप लावून घेतलेत आणि आत दुसरी जाळी बसवलीत. या हौदाचा विचार आधीच्या दोन्ही नकाशांत कुणी केलेला नव्हता.

तरीही माझे मन पुन्हा पुन्हा जाते ते एका दुपारकडे. अभ्यासाच्या जागेची खिडकी साडेतीन फुटांपर्यंत बांधून झाली होती, गिलावा व्हायचा होता, खाली सगळी वाळू आणि खडी. आपण माझ्या चार वर्षांच्या मुलाशेजारी त्या खडीवर गुडघे टेकून बसलात, आपले डोके त्याच्या डोक्याच्या पातळीला आणलेत आणि त्याला विचारलेत, "तुला इथून काय दिसतं?" तो म्हणाला, "भिंत." आपण क्षणभर तशाच बसून राहिलात. मग उठून गवंडीमामांना म्हणालात, "मामा, चार थर उतरवा." मामांनी कुरकूर न करता थापी खाली ठेवली, छिन्नी-हातोडी घेतली आणि एकेक वीट सांभाळून काढली. संध्याकाळपर्यंत खिडकीचा कट्टा सव्वादोन फुटांवर आला होता. आपल्या साडीच्या गुडघ्याजवळ सिमेंटचे दोन गोल डाग पडले होते. ते न झटकताच आपण पुढच्या कामावर निघून गेलात.

मॅडम, मी स्वतः बालवाडीत शिकवते. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात मुलांच्या उंचीचे सामान ठेवले, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचा विचार बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला, हे मी प्रशिक्षणात शिकले आहे. पण स्वतःच्या घरात गुडघ्यांवर बसून एकदा पाहावे, हे मला सुचले नव्हते. ते आपल्याला सुचले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार वर्षांच्या मुलाचा एक शब्द आपण खरा मानलात. घर बांधताना पैसे देणाऱ्याचे सगळेच ऐकतात. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही त्याचे ऐकून बांधलेले काम उतरवणारी माणसे आपल्या सोलापुरात आहेत, याचा मला अभिमान वाटतो. गवंडीमामांचेही नाव मी त्यात धरते. त्यांनी त्या दुपारची जादा मजुरी मागितली नाही; आम्ही ती आग्रहाने दिली.

आता त्या कट्ट्यावर सोलापुरी चादरीची घडी असते आणि गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून, आणलेली लाकडी बैलगाडी. धाकटा सकाळी दूध पिताना तिथे बसतो आणि समोरच्या कडुनिंबावर किती साळुंक्या आल्या ते मोजतो. आठानंतरचे आकडे त्याला अजून येत नाहीत, म्हणून तो पुन्हा एकपासून सुरू करतो. मुलीने खालच्या फळीवर आपली पुस्तके स्वतः लावली आहेत, आणि कोणते कुठे ठेवायचे हे ती कुणालाही विचारत नाही.

संक्रांतीला शेंगांच्या पोळ्या करणार आहे, तेव्हा गड्ड्याच्या दिवसांत आपण सहकुटुंब जेवायला यावे. या वेळी पंगत नाही, घाई नाही.

आपली कृतज्ञ,
एक आई
जुळे सोलापूर