काढलेला झोपाळा परत टांगणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आमच्या रत्नागिरीजवळच्या पावसकडच्या माणसांना हे पत्र कुणासाठी आहे ते ओळखू येईलच.

नागपूरला येऊन आमचं घर आता लागलं. गॅस मिळाला, मुलाच्या शाळेचं ठरलं, नळाला पाणी किती वाजता येतं ते कळलं. इकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे थोडी उसंतही मिळाली. पण तुमचा विषय निघाला की माझा आवाज अजून घशात अडकतो. फोनवर आभार मानायला जावं तर तुम्ही "त्यात काय ताई" म्हणून फोन ठेवता. म्हणून लिहायला बसले, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहिते आहे.

बँकेत बढती मिळाली आणि बदली आली ती थेट नागपूरची. राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. आंबा घाट चढायचा आणि मग कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत जायचं. सामानाची मला एवढी काळजी नव्हती. काळजी होती अण्णांची. अण्णांना हल्ली विसरायला होतं. जेवलो की नाही ते विसरतात, माणसं विसरतात, आई गेली हेही विसरतात आणि दर वेळी नव्याने विचारतात. एक गोष्ट तेवढी ते विसरलेले नाहीत, ओटीवरचा झोपाळा. सकाळी भिंत धरत धरत तिथे जायचं, बसायचं, पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा द्यायचा. कड्या वाजायला लागल्या की चेहरा निवळतो. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, जागा बदलली की अशा माणसांचा गोंधळ वाढतो. सवयीच्या वस्तू सोबत न्या आणि नव्या घरात शक्य तितक्या लवकर मांडा.

सामान हलवण्यासाठी आम्ही आधी एका मोठ्या नावाच्या कंपनीला सांगितलं होतं. फोनवर गोड बोलून त्यांनी सगळं धरून एक रक्कम ठरवली, आगाऊ पैसे घेतले. आमच्या घरापर्यंत गाडी येत नाही, जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून सामान वरच्या रस्त्यावर न्यावं लागतं, हे मी फोटो पाठवून कळवलं होतं. त्यांची माणसं आली आणि दाराजवळचं म्हणून पहिला हात घातला तो झोपाळ्याला. अण्णा म्हणत होते, "अहो, मी बसतो तिथे." त्यातला एक हसला. दुसरा मला म्हणाला, "आजोबांना आत घ्या, मध्ये येतायत." फळी भिंतीला टेकवली, कड्या कोपऱ्यात ढीग करून टाकल्या. मग त्यांच्या साहेबांनी पाखाडी पाहिली आणि जवळपास दुप्पट पैसे मागितले. आमच्या ह्यांनी ठरल्याप्रमाणे करा म्हटलं, तर अर्धवट बांधलेली खोकी तशीच टाकून ते निघून गेले. आगाऊ दिलेले पैसे आजतागायत आलेले नाहीत.

पैशांचं जाऊ दे. अण्णा ती सगळी दुपार ओटीवर त्या रिकाम्या जागेसमोर उभे होते, ते मी विसरू शकत नाही. खुर्ची दिली, बसेनात. हात धरून आत न्यावं तर परत बाहेर येऊन उभे. आणि "काही लागलं तर सांगा हां" असं महिनाभर म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी एकेक फोन करत होते. कुणाला लग्नाला जायचं होतं, कुणी उद्या बघतो म्हणालं. एकाने तर लाकडी कपाट तिथेच ठेवून जाणार आहात का, असं विचारलं.

तुम्हाला निरोप कुणी दिला ते मला अजून नीटसं माहीत नाही. वाडीतल्या मुलांपैकी कुणीतरी असणार. तुमची गाडी आंब्याची. हंगामभर वाशी मार्केटला पेट्या पोचवायच्या, घरसामान न्यायचं तुमचं कामच नव्हे. संध्याकाळी तुम्ही मोटारसायकलवरून नुसते बघायला आलात. मी माजघरातली खोकी दाखवायला पुढे झाले, पण तुम्ही ओटीवरच थांबलात. अण्णांकडे पाहिलंत, भिंतीला टेकवलेल्या फळीकडे पाहिलंत, वर तुळईतल्या आकड्यांकडे पाहिलंत. मला म्हणालात, "ताई, शिडी आहे काय?"

दादा, तुम्ही सामान न्यायला आला होतात आणि पहिलं काम केलंत ते झोपाळा परत टांगण्याचं. दुसऱ्या दिवशी घर रिकामं करायचं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी वाटीभर खोबरेल मागून घेतलंत, आकड्यांना बोटाने लावलंत, कड्यांचा पीळ एकेक करून सोडवलात, फळी सरळ झाली की नाही ते दोनदा लांब उभं राहून पाहिलंत. आधी स्वतः बसून वजन देऊन बघितलंत आणि मग म्हणालात, "अण्णा, या, बसा बघू."

अण्णा बसले. बसल्यावर त्यांनी विचारलं, "तू कुणाचा रे?" तुम्ही वडिलांचं नाव सांगितलंत, वाडी सांगितलीत. थोड्या वेळाने अण्णांनी पुन्हा तेच विचारलं, मग पुन्हा. दर वेळी तुम्ही पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलंत, एकदाही माझ्याकडे बघून हसला नाहीत. मी स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता ऐकत होते आणि पदराने डोळे पुसत होते.

जाताना म्हणालात, "ह्यो शेवटी नेऊ. शेवटी चढवलेलं आधी उतरतं." आणि विचारलंत, "तिकडं छताला हूक हायत काय?" इतक्या दिवसांच्या धावपळीत हे कुणालाच सुचलं नव्हतं. मी त्याच रात्री इकडच्या घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "बंगईचे हूक आहेत न जी आधीचेच, काळजी नका करू." इकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात.

दुसऱ्या दिवशीचं काय सांगू, ते वाडीतल्या सगळ्यांनी पाहिलंच आहे. मुलं डोक्यावरून सामान घेऊन पाखाडी चढत होती. तुम्ही आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि भाताचा पेंढा घेऊन आलात आणि आईच्या हातच्या लोणच्याच्या बरण्या हापूस भरावा तशा पेंढ्यात भरल्यात. एकीलाही टवका उडाला नाही. अण्णा दिवसभर झोपाळ्यावर होते, आणि त्यांच्या आजूबाजूने घर निघून चाललं होतं. ते बघत होते, पण घाबरले नाहीत. ह्यांनी त्यांना गाडीत बसवून साखरप्याच्या दिशेने पुढे नेलं, तेव्हाच तुम्ही शिडी लावलीत. फळी गोणपाटात गुंडाळलीत, कड्या वेगळ्या कापडात बांधल्यात आणि सगळ्यात शेवटी चढवल्यात.

आम्ही कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. वाटेत तुमचा फोन आला, तुळजापूरहून. देवीला नमस्कार केला, तुमच्या नव्या घराचंही सांगितलं, म्हणालात. गाडी कुठवर आली हे सांगायला फोन करणारे पुष्कळ असतील, पण माझ्या घरासाठी तुम्ही देवीपुढे हात जोडलेत.

नागपूरला आम्ही दारात पोचलो तेव्हा अण्णांचा चेहरा पार उतरला होता. "घरी कधी जायचं?" एवढं एकच चाललं होतं. बाहेर रणरणतं ऊन. तुम्ही आमच्या आधी येऊन थांबला होतात, रात्रभराच्या जागरणाने डोळे लाल झालेले, पण आधी आंघोळ नाही की जेवण नाही. गाडीचं मागचं दार उघडलंत, झोपाळा उतरवलात, वर नेऊन टांगलात. बाकी सगळं सामान उन्हात गाडीतच होतं. अण्णा बसले, अंगठ्याने रेटा दिला, आणि जरा वेळाने तुम्हालाच विचारलं, "चहा झाला काय रे?" आमच्या ओटीवर आलेल्या प्रत्येकाला ते हेच विचारायचे.

वाडीतली मुलं सांगत होती, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर तुम्ही गाडीत पाण्याचे कॅन आणि चटया भरून गेला होतात, आणि चिखल उपसायला तिथेच राहिलात. मला नवल वाटलं नाही. तेव्हा कुठून कुठून माणसं आली होती आणि कुणी कुणाला ओळखत नव्हतं. आपल्याकडे अशी माणसं अजून आहेत. ती घरात शिरली की आधी बघतात, इथे सगळ्यात जास्त कुणाला लागलंय. मग कामाला हात लावतात. अशा माणसांचे सत्कार होत नाहीत. गावातल्या चावडीवर, देवळात, बँकेत आपण त्यांच्याबद्दल मोठ्याने बोललं पाहिजे असं मला फार वाटतं. त्या कंपनीतल्या पोरांनाही कुणीतरी हे दाखवायला हवं होतं. वजन उचलायला त्यांना शिकवलं, ओटीवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायला कुणी शिकवलं नाही.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. इथल्या कोरड्या हवेने फणसाच्या फळीला एका कडेला बारीक चीर गेली आहे. सांगितल्याप्रमाणे दर रविवारी तेल लावतोय, वाढलेली नाही. अजून काही करायला हवं असेल तर कळवा.

ठरलेल्या भाड्यावर तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, मुलांच्या खाऊचे पैसेही परत केलेत. गणपतीला अण्णांना आणणं जमणार नाही, पण मी मुलाला घेऊन येणार आहे. पहिल्या दिवशीच्या आरतीला तुमच्या घरी येईन. संत्रा बर्फी आणि वहिनींसाठी साडी घेऊन येते आहे. त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
ताई