अण्णांच्या पुण्यस्मरणासंबंधी दादास पत्र

मँचेस्टर

तीर्थस्वरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णांच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीचा मजकूर मिळाला. छायाचित्र फार चांगले निवडले आहेस. मजकुरात त्यांचा मनमिळाऊ स्वभाव आला, नातवंडांची नावे आली; परंतु त्यांनी जन्मभर केलेले काम आले नाही आणि ज्या आजाराने ते गेले त्याचाही उल्लेख नाही. या दोन्ही गोष्टी तिथे शेजारी शेजारी छापल्या जाव्यात अशी माझी इच्छा आहे. तसे का वाटते ते सविस्तर लिहिते. आईलाही पत्र वाचून दाखव.

अण्णा यंत्रमागावरची पाळी संपवून घरी येत तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि बनियनच्या काठांवर कापसाचे तूस बसलेले असे. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहून पंच्याने अंग झटकत आणि मग आई त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवी, कारण गुळाने घशातली धूळ उतरते अशी आपल्या सगळ्या पेठेची समजूत होती. छातीत उतरलेल्या धुळीला मात्र गूळ काय करणार? साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेले की त्या संध्याकाळी छाती आवळून येते, दोन दिवसांनी जरा सैल पडते, हे त्यांनी आईला कितीदा तरी सांगितले होते. पुढे हा आराम पडणेही थांबले. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत 68 लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वजांबरोबर सबंध मार्ग चालणारा हा माणूस आधी अर्ध्या वाटेवरून परतू लागला आणि शेवटी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून राहू लागला.

औषधाच्या कागदांवर वर्षानुवर्षे दमा एवढेच लिहिलेले होते. विडी ओढता का, हे प्रत्येकाने विचारले; काम काय करता, हे कोणी विचारले नाही. ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही त्यांच्याबद्दल शेजारीपाजारी ‘ओढत असतील गुपचूप’ असे बोलत, हे मला अजूनही सहन होत नाही. अखेरच्या वर्षात छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून यंत्रमागावरच्या सगळ्या वर्षांचा हिशेब घेतला, तेव्हा कुठे कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकाराचे, बिसिनोसिसचे, नाव आपल्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले.

इथे मँचेस्टरच्या दक्षिणेला स्टायल या गावी 1784 साली उभारलेली क्वारी बँक नावाची कापडगिरणी आहे. आता तिथे संग्रहालय आहे आणि जुने माग लोकांना चालवून दाखवतात. धोट्याचा तो खडखडाट आणि तेल व सूत यांचा मिसळलेला वास आला आणि मला आपल्या पूर्व भागातल्या गल्लीत उभे असल्यासारखे वाटले. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नसल्यामुळे इथल्या लँकाशायर परगण्यातले विणकर एकमेकांच्या ओठांवरून बोलणे ओळखत असत. अण्णाही आपल्या तोंडाकडे एकटक पाहत असत, आणि आपल्याला लहानपणी ते रागावले आहेत असे वाटे.

या देशात बिसिनोसिस झालेल्या कामगारांना भरपाई देण्याचा कायदा 1940 साली झाला. 1950 च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी लँकाशायरच्या गिरणी कामगारांची तपासणी करून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, आणि त्या पायऱ्यांतली पहिली खूण होती सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी आवळणारी छाती. अण्णा आईला तेच सांगत होते. आपल्याकडेही 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. पण कागदावर दमा लिहिला गेला की अशा कायद्याचा कामगाराला काहीच उपयोग होत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. वर्षश्राद्धाचे विधी आईच्या मनाप्रमाणे यथासांग व्हावेत. मात्र बाहेरच्या मोठ्या जेवणावळीचा खर्च बाजूला ठेवून अण्णांच्या नावाने माग कामगारांसाठी श्वासाची तपासणी ठेवावी. निम्मा भार मी उचलते. या तपासणीत पूर्ण श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे असते आणि त्यावरून फुफ्फुसाची ताकद मोजतात. शिबिर नेहमीप्रमाणे सुट्टीच्या दिवशी ठेवू नकोस. सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीवर जाण्यापूर्वी एकदा आणि पाळी सुटल्यावर पुन्हा एकदा फुंकायला लावले, तरच दिवसभरात आकडा किती घसरला ते कळते. हा आजार आरंभी लक्षात आला आणि माणूस धुळीतून बाजूला झाला, तर श्वास बराचसा पूर्ववत होतो. पुढे गेल्यावर तो परत येत नाही. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, हेही तिथे कोणीतरी समजावून सांगायला हवे. अण्णांच्या बरोबरीचे जे अजून मागावर उभे आहेत, त्यांना तू स्वतः घरी जाऊन बोलाव. पत्रिका पाहून ते येणार नाहीत. रोजंदारी बुडेल ही भीती असते, शिवाय मालकाला काय वाटेल हीसुद्धा.

त्यांच्या कामाबद्दलही लोकांनी वाचले पाहिजे. जेकॉर्डवरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरची, चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटून येतात. अण्णा चादर उलटी करून तिच्यावर नुसता अंगठा फिरवत आणि कुठे तार तुटली ते सांगत. असा कारागीर दोन ओळींचा तरी मानकरी आहे. तेव्हा त्यांच्या नावाखाली ‘यंत्रमाग कामगार, सोलापूर’ असे छाप, आणि पुढच्या ओळीत, ‘कापसाच्या धुळीने जडलेल्या फुफ्फुसाच्या विकाराने निधन’. काकांना ते बरे दिसणार नाही, हे मी जाणते. त्यांच्याशी मी स्वतः फोनवर बोलेन.

डॉक्टरांनी होकार दिला की दिवस कळव, म्हणजे मी त्याप्रमाणे रजा टाकीन. अण्णांच्या तपासण्यांची फाईल कपाटात वरच्या खणात आहे. ती शिबिराच्या डॉक्टरांना अवश्य दाखव. आईच्या गुडघ्यांचे औषध संपत आले असेल, तेवढे आणून दे. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण