पीएच.डी.नंतरचे घड्याळ

औंध, पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा (व्हायवा) निर्विघ्न पार पडली हे वाचून आनंद झाला. पण सांगलीच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर दोन-तीन वर्षे काढायची आणि मग सावकाश म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनासाठी, प्रयत्न करायचा, हा तुझा बेत वाचून लगेच उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

पदवी मिळाली की एक घड्याळ चालू होते. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपसाठी पीएच.डी. होऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटलेला चालत नाही, आणि अर्ज करण्यापूर्वी तिथल्या एखाद्या प्राध्यापकाने तुला आपल्याकडे घेण्याची लेखी तयारी दाखवावी लागते. ही तयारी मिळवण्यातच कित्येक महिने जातात. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपला अर्ज करण्याची मुदत पीएच.डी.नंतर आठ वर्षांची, म्हणून ती निवांत वाटते. तिची मेख वेगळीच आहे. ज्या देशात जायचे, तिथे मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे. म्हणजे आधी म्युनिकमध्ये दोन वर्षे नोकरी करू आणि मग तिथेच ही फेलोशिप मागू, असा क्रम लावलास तर पात्रताच जाईल. देशातच राहायचे ठरले, तरी राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला सर्वसाधारणपणे ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे आणि तू आता तेहतिशीत आहेस.

जर्मनीत फेलोशिपखेरीज थेट नोकरीच्या जागाही असतात. त्या बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातून निघतात, त्यामुळे विद्यापीठाच्या नावापेक्षा पैसा कोणाचा आणि तो किती दिवस पुरणार, हे आधी पाहावे. वेतनश्रेणी बहुतेक ‘ई-१३’ (तिथल्या सरकारी वेतनश्रेणींपैकी एक) असते. जागा पूर्ण वेळेची आहे की अर्ध्या, हे मात्र जाहिरातीत नीट वाच. माझ्या वेळी (कुठे, ते विचारू नकोस) जाहिरातीत दोन वर्षे होती, हाती पत्र पडले एका वर्षाचे, आणि पुढे सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ मिळत गेली. निवासाचा परवानाही तेवढ्याच मुदतीचा मिळे, त्यामुळे संशोधनापेक्षा कचेरीच्या रांगेतच माझी हजेरी अधिक लागली. निधी मंजूर झाला आहे की व्हायचा आहे, एवढा एक प्रश्न मी मुलाखतीत संकोचापोटी विचारला नव्हता. तू विचार, त्यात कोणाला उद्धटपणा वाटत नाही.

आणखी एक. सरसकट पन्नास जणांना एकच मजकूर धाडू नकोस. पाणी गाळणाऱ्या पटलांवरचे तुझे काम ज्यांना खरोखर उपयोगी पडेल असे चार-पाच गट निवड, त्यांचे अलीकडचे दोन-तीन निबंध वाच, आणि त्यांच्या कामात तू नेमकी कोणती भर घालशील ते एका पानात लिही.

‘म्युनिकसारखी जुनी विद्यापीठे’ असे तू लिहिले आहेस, त्याची मात्र गंमत वाटली. ते तांत्रिक विद्यापीठ १८६८ चे आहे. आपल्या शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात १८५४ ची, म्हणजे ते चौदा वर्षांनी वडील!

सांगलीच्या महाविद्यालयाला होकार कळवण्यापूर्वी एखाद्या रविवारी प्रबंध आणि बायोडाटा घेऊन पुण्याला ये. मसुदा दोघे मिळून करू. तोवर पदवीच्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर कोणती तारीख पडली आहे, तेवढे पाहून कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद