बेअरिंगपायी अख्खं यंत्र भंगारात

संपादक महोदय,

खप वाढला की अर्थव्यवस्था सुधारली, असं रोज वाचनात येतं. मी गेली २६ वर्षं वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. त्यातला बराचसा खप कसा वाढतो ते मला जवळून दिसतं.

यंत्र घरघरायला लागलं की बहुतेक वेळा ड्रममागचं बेअरिंग गेलेलं असतं. तळहातावर मावेल एवढी वस्तू, ड्रम तिच्यावर फिरतो. ते बसतं टबात, म्हणजे ड्रमभोवतीच्या पिंपात. पूर्वी टबाचे दोन भाग स्क्रूंनी जोडलेले असत. खोलायचं, जुनं बेअरिंग ठोकून काढायचं, नवं बसवायचं. आता कित्येक यंत्रांत टब कारखान्यातूनच वेल्ड होऊन येतो. मग अख्खा टब बदलायला सांगतात आणि त्याचा खर्च ऐकून लोक नवं यंत्रच घेतात. मी तो टब जोडावर करवतीने कापतो. त्याआधी कडेने भोकं पाडून घ्यावी लागतात, नाहीतर नंतर दोन्ही भाग जुळत नाहीत. बेअरिंग बदलून, सिलिकॉन भरून स्क्रू आवळतो. निम्मा दिवस जातो. पण मोटर, पंप सगळं ठणठणीत असताना ते भंगारात गेलेलं मला बघवत नाही.

ही खोड जुनी आहे. १९२४ साली बड्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात संगनमत करून बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणलं. जास्त टिकणारे बल्ब विकणाऱ्याला दंड होता.

युरोपीय संघात २०२१ पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग १० वर्षं मिळायलाच हवेत, असा नियम आहे. चांगलाच आहे. पण त्यात ड्रम आणि बेअरिंग वेगवेगळे किंवा एकत्र, कसेही दिले तरी चालतात. म्हणजे नेमकं माझं दुखणं तसंच राहिलं!

माझ्या मते प्रश्न मालकीचा आहे. बिघाडाचा भुर्दंड ज्याला, त्याच्या हातात यंत्राची रचना नाही. वापरणाऱ्यांनी सहकारी संस्था काढून यंत्रं सामायिक मालकीची ठेवली, तर घरटी एक यंत्र लागणार नाही. शिवाय एकट्या ग्राहकाने स्क्रूचा टब मागितला तर त्याला कोण विचारतो? दोनशे यंत्रं एकदम घेणाऱ्या संस्थेचं मात्र कंपनीला ऐकावंच लागेल.

अशी संस्था कुणी उभी करणार असेल, तर देखभालीचं काम मी आनंदाने अंगावर घेईन.

– एक मेकॅनिक