पोट सतत बिघडणाऱ्या लेकरांचे रक्त तपासा

संपादक महोदय,

लेकराला जुलाब लागले, वजन वाढेना, की आमच्या खेड्यांत आधी जंताची गोळी, मग दृष्ट काढणे, शेवटी टीबीची शंका. बहुतेकदा कारण साधेच असते. पण शौचातून रक्त, गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा गळू, जेवल्यावर उलटी आणि यकृतात पू, असे एकाच लेकरात दिसले तर डॉक्टरांना ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ हा दुर्मीळ आजार आठवायला हवा. यात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, मात्र काही जंतू आणि बुरशी त्यांना मारता येत नाहीत. आतड्याच्या भिंतीत गाठी होतात. जठराचे आतड्याकडचे तोंड अरुंद झाले तर अन्न पुढे सरकत नाही. रुग्णांत मुलगे जास्त. जनुकातला हा दोष बऱ्याचदा आईकडून येतो, पण त्यात तिचा काय गुन्हा? सासरी बोल मात्र तिलाच.

शहरातला डॉक्टर गोळ्या लिहून देतो. उकिरड्याचे सांगायला विसरतो. शेणखत उपसताना, कुजलेले कुटार हलवताना उडणारी बुरशी अशा लेकराच्या फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. खरिपाच्या तयारीत हे कोण सांभाळणार?

डीएचआर या रक्तचाचणीने निदान होते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात हा आजार पहिल्या गटात आहे, कारण अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने तो बरा होऊ शकतो. जिल्हा रुग्णालयांतून या चाचणीसाठी नमुने पाठवण्याची सोय आरोग्य खात्याने करावी.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. यवतमाळ